शिक्षणाचें द्वार आणि मनाचें औषध

जुबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याची रीत आहे. आपल्या मंदिराची हकीकत वाचकांस या पुस्तिकेंत इतरत्र मिळेलच. ज्या करवीर नगरींत आपण राहतों, तिच्या इतिहासांतील एक धडा त्यांच्यापुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. उच्च शिक्षण सामान्य घरच्या मुलांपर्यंत कसें पोंचलें, आणि मनाच्या व्याधीवरील उपचार अजून तितके कां पोंचले नाहींत, हा तो धडा होय.

कोल्हापुरांत राजाराम कॉलेज इ. स. १८८० मध्यें सुरू झालें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं आपल्या उच्च शिक्षणाचा आरंभ येथेंच केला. म्हणजे विद्यामंदिर होतें, अध्यापक होते, ग्रंथ होते. तरी पन्हाळा किंवा भुदरगडच्या शेतकऱ्याच्या मुलास तें कॉलेज मुंबईइतकेंच दूर होतें. त्याची अडचण बुद्धीची नव्हती. शहरांत निजावें कोठें आणि जेवावें कोणाकडे, हा त्याचा प्रश्न होता. जातिभेदाच्या त्या दिवसांत ‘अस्पृश्य’ गणलेल्या मुलास भाड्यानें खोली मिळणें तर दुरापास्तच.

छत्रपति शाहू महाराजांनीं या अडचणीवर नेमकें बोट ठेविलें. इ. स. १९०१ मध्यें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्यें मुसलमान विद्यार्थ्यांचें, १९०७ मध्यें लिंगायतांचें, आणि १९०८ मध्यें ‘अस्पृश्य’ वर्गांतील मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग, अशीं एकामागून एक वसतिगृहें निघालीं. इंडियन ख्रिश्चन होस्टेलहि याच मालिकेंतलें. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें संस्थानांतील रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. या वर्गांस उच्च शिक्षणाची गोडी लागावी, हा त्या हुकुमाचा उघड हेतु होता. १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. खालीं पाया, मध्यें निवारा आणि वर चरितार्थाची आशा, अशी ही मांडणी होती. एक पायरी गाळली असती तर उरलेल्या दोन्ही व्यर्थ झाल्या असत्या.

या पेरणीचें पीक दूरवर गेलें. कुंभोज येथें जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरांत शिकत असतां जैन बोर्डिंगांत राहिले होते. त्यांनींच पुढें १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं एकत्र वसतिगृह काढलें, आणि १९४७ मध्यें तेथें छत्रपति शिवाजी कॉलेज उघडून ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग उच्च शिक्षणांत आणिला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें, डॉ. अप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरु होते. येणेंप्रमाणें विद्यापीठच विद्यार्थ्याच्या दारीं आलें.

आतां दुसरी वाट पाहूं. ब्रिटिश हिंदुस्थानांत मनोरुग्णांची व्यवस्था प्रथम १८५८ च्या व मागाहून १९१२ च्या कायद्यानें चाले. रुग्णास दाखल करणें हें बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाचें काम. इस्पितळास उंच भिंती, आणि उपचारापेक्षां बंदोबस्ताचा विचार अधिक. महाराष्ट्रांत शासनाचीं मोठीं मनोरुग्णालयें ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी या चार ठिकाणीं राहिलीं. त्यांतलें कोल्हापूरला जवळचें तें रत्नागिरीचें. तेथें जावयाचें तरी सह्याद्रीचा घाट उतरावा लागे. मग घरच्यांनीं आजार लपवावा, लग्नें मोडतील म्हणून भ्यावें, देवऋष्याचा उंबरठा झिजवावा, यांत नवल काय? वाट दूरची होती, आणि तिच्यावर लाजेचा धोंडाहि होता.

काळ बदलला आहे हें मान्य केलें पाहिजे. १९८२ मध्यें राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला व १९९६ पासून तो जिल्ह्यांत नेण्यास आरंभ झाला. २०१७ च्या कायद्यानें, जो २९ मे २०१८ पासून अमलांत आला, सरकारी खर्चानें चालणाऱ्या सेवेंतून मानसिक उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्यास शिक्षा करूं नये, असेंहि त्या कायद्यानें सांगितलें. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची मोफत सेवा रात्रंदिवस मिळते. आणि आपल्याच शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलेल्या छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत मनोविकाराचा विभाग आहे. तरीहि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढांपैकीं १०.६ टक्के लोकांस मानसिक विकार आढळला, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावांचून राहिलेले दिसले. कायद्यानें दार उघडलें. परंतु दारापर्यंत हात धरून नेणारा कोणी भेटला नाहीं.

या दोन वाटा आतां एके ठिकाणीं मिळाल्या आहेत. २०२२ या एका वर्षांत देशांत १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिला, अशी सरकारी नोंद आहे. ज्या मुलास कॉलेजांत पोंचविण्यासाठीं दोन पिढ्या झिजल्या, तो तेथें एकटा पडून खचावा, ही केवढी हानि! २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें निदान एक शिकलेला समुपदेशक नेमावा, आणि लहान संस्थांनीं बाहेरच्या तज्ज्ञांशीं संबंध जोडावा.

येथें वसतिगृहांचा इतिहास पुन्हां उपयोगी पडतो. महाराजांनीं जागा आणि पैसा दिला. परंतु त्या घरांचा कारभार त्या त्या समाजांतील कर्त्या मंडळींनीं वाहिला. मुलगा जेवला कीं नाहीं, निजला कीं नाहीं, हें पाहणारें कोणीतरी होतें, म्हणून तो शिकला. मनाच्या आजाराचेंहि तसेंच आहे. औषध वैद्य देईल; परंतु शेजारचें पोर कित्येक दिवस घराबाहेर पडलें नाहीं, परगांवीं शिकणारा मुलगा पत्रास वा फोनास उत्तर देत नाहीं, बाळंतीण उगाच रडते, हें आधीं आपल्यालाच दिसणार. जें दिसेल तें झांकूं नये, त्यास नांवें ठेवूं नयेत, आणि रुग्णाबरोबर दवाखान्याच्या बाकावर तासभर बसण्यास कोणी तरी निघावें. शंभर वर्षांपूर्वीं या नगरीनें खेड्यांतल्या मुलांसाठीं खोली उघडली. आतां खचलेल्या माणसासाठीं आपलें घर व आपला वेळ उघडणें आपल्या हातीं आहे.