खुबा आणि ट्रोकँटर

उभे राहून मांडीच्या वरच्या टोकाशी, बाहेरच्या अंगाला तळहात ठेवा आणि पाय आतबाहेर फिरवा. हाताखाली एक कठीण उंचवटा हलताना लागेल. आपण त्या साऱ्या भागाला खुबा म्हणतो. वैद्यकात त्या उंचवट्याचे नाव आहे ट्रोकँटर. आतल्या बाजूस असाच एक लहान उंचवटा आहे. चालताना पाय उचलणारे आणि तोल सांभाळणारे स्नायू या दोहोंना चिकटलेले असतात.

शब्द ग्रीक, धावणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. इसवी सन १२९ मध्ये पर्गामम येथे जन्मलेल्या गॅलेन या वैद्याच्या लेखनात तो आढळतो. पुढे कीटकांच्या अभ्यासकांनी माणसाच्या पायाची नावे किड्यांच्या पायांना दिली. किर्बी आणि स्पेन्स यांच्या १८१५ ते १८२६ या काळात निघालेल्या चार खंडी ग्रंथातही ती आहेत. लहानपणी ज्वारीच्या रानात आम्ही नाकतोडा तंगडीने धरायचो. तंगडी चिमटीत राहायची आणि स्वारी पसार! ती तंगडी तुटते नेमकी ट्रोकँटर आणि मांडी यांच्या जोडावर. मात्र नाव एक असले तरी वस्तू दोन, बरं का. आपला ट्रोकँटर हा हाडाचाच उंचवटा. किड्याचा म्हणजे पायाचा एक वेगळा तुकडा, आणि किड्याला हाड मुळी नसतेच.

आपल्या मुलखात या शास्त्राची भाषा दोनदा बदलली. नांदेड-लातूर तेव्हा निजामी राज्यात. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग निघाला आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. शास्त्रे देशी भाषेत शिकवण्याचा तो मोठा प्रयोग. पण ती भाषा उर्दू होती आणि संज्ञा बहुतेक अरबी-फारसी वळणाच्या. मराठी घरातल्या मुलाला त्या परक्याच. १७ सप्टेंबर १९४८ नंतर उर्दू माध्यम गेले आणि वैद्यक इंग्रजीत आले. खुबा दोन्ही वेळा दाराबाहेरच राहिला.

त्याची किंमत काय, ते मी घरात पाहिले. काही वर्षांपूर्वी लातूरकडे माझी मावशी न्हाणीत घसरून पडली. दवाखान्यात सांगितले, "ट्रोकँटर गेलाय, ऑपरेशन करा." घरच्यांना वाटले, शीर आखडली असेल. तिला घरी आणून आठ दिवस लेप लावले. मी पोहोचलो तेव्हा ती कूसही वळू शकत नव्हती. मी म्हटले, "मावशी, खुब्याचं हाड मोडलंय." ती म्हणाली, "आरं, मग हाड मोडलंय असं कुणी सांगितलंच न्हाई की!" दुसऱ्याच दिवशी ती ऑपरेशनला तयार झाली. पुढे काठीने चालू लागली, पण ते आठ दिवस तिने फुकट सोसले.

ग्रीक शब्दाशी माझे भांडण नाही. जगभरच्या डॉक्टरांना तो एकमेकांशी बोलायला लागतो. वर्गात तो अवश्य शिकवावा. मात्र खाटेपाशी आल्यावर आधी खुबा म्हणावे, मग ट्रोकँटर.