चामड्याच्या रंगाची कुळकथा

कापडाच्या रंगाचे कौतुक आपल्या भाषेत जागोजागी आढळते. पैठणीचा काठ, चंद्रकळेचा काळा रंग, पितांबराचा पिवळा रंग यांवर कवींनी व गद्यकारांनी सारखेच प्रेम केले. चामड्याच्या रंगाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. वस्तुतः पायातले पायताण, घोड्यावरचे खोगीर, पोथीची चामडी बांधणी आणि अलीकडच्या काळातले जाकीट या साऱ्यांना कोणीतरी रंग दिलेलाच असतो. आज बाजारातून रंगाची लहानशी बाटली आणून, विटलेले चामडी जाकीट एका दुपारीत घरच्या घरी पुन्हा काळेभोर करता येते. या सोयीमागे दोन हजारांहून अधिक वर्षांची परंपरा आहे. तिच्यात रसायन आहे, व्यापार आहे आणि समाजव्यवस्थेचा कठोर हिशेबही आहे. त्याचाच थोडक्यात मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

प्रारंभ काळ्या रंगापासून करणे युक्त ठरेल, कारण चामड्याला पक्का बसणाऱ्या व जगभर परिचित असलेल्या जुन्या रंगांपैकी तो एक. झाडाच्या सालीने किंवा फळाने कमावलेल्या कातड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य मुरलेले असते. त्यावर लोहाचा क्षार पडला की दोहोंचा संयोग होऊन निळसर काळा रंग तयार होतो. तो पृष्ठभागावर केवळ बसत नाही, तंतूंच्या आतच जन्माला येतो, आणि म्हणून सहसा धुपत नाही. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात या क्षाराचा उल्लेख चांभाराचे काळे द्रव्य अशाच अर्थाच्या नावाने केला आहे. इतकेच नव्हे, तर मायफळाच्या रसात भिजवलेला पपायरसचा तुकडा घेऊन जंगालातील भेसळ ओळखण्याची युक्तीही त्याने नोंदली आहे: भेसळ असेल तर तुकडा काळा पडतो. रसायनशास्त्राच्या इतिहासात हिची गणना अतिप्राचीन लेखी परीक्षांमध्ये होते, आणि तिचे मूळ चांभाराच्या कुंडीत आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या दख्खनेत या विद्येला लागणारी सामग्री मुबलक होती. सह्याद्रीच्या रानात हिरडा, पठारावर बाभूळ. कोल्हापुरी पायताणासाठी कातडे कमावण्याची पद्धत अशी की, चुन्याच्या निवळीत केस काढून स्वच्छ केलेले कातडे पिशवीसारखे शिवायचे, त्यात बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा काढा भरायचा आणि ती पिशवी टांगून ठेवायची. काढा हळूहळू पाझरतो आणि कातड्याचे चामडे होते. त्याला येणारा फिकट बदामी रंग हा सालीचाच रंग होय. पुढे तेल आणि ऊन यांच्या संगतीने तो वर्षागणिक गडद होत जातो. काळे करावयाचे असेल तर लोह हवे. बाजारात ते हिराकस या नावाने मिळे. लोखंडाचा गंज व गूळ पाण्यात आंबवून केलेले काळे पाणी कापड छापणाऱ्यांच्या तर नित्याच्या वापरातले होते. लाल रंगासाठी लाख आणि तो बसवण्यासाठी तुरटी, हीही जुनीच जोडी.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. हिरडा आणि हिराकस यांच्या संयोगातून लिहिण्याची शाईही होत असे. आपल्याकडे काजळाची शाई अधिक प्रचलित होती हे खरे, परंतु हिरड्याची शाईही अपरिचित नव्हती आणि युरोपात तर मायफळ व हिराकस यांचीच शाई शतकानुशतके चालली. म्हणजे कागदावरचे अक्षर आणि वहाणेचा पट्टा यांना काळेपणा देणारे द्रव्य एकच. पण शाई करणाऱ्याला घराच्या ओटीवर स्थान मिळाले आणि चामडे काळे करणाऱ्याला गावकुसाबाहेर. पदार्थात फरक नव्हता. फरक तो हाताळणाऱ्याच्या जन्मात मानला गेला.

ही विद्या ढोर, चांभार, मोची, जिनगर अशा जातींच्या हाती होती. कोणी कातडे कमवी, कोणी वहाणा शिवी, कोणी खोगिराचे काम करी. आम्हा बेळगाव भागातील मंडळींना बाराव्या शतकातील कल्याणच्या शरणांची परंपरा ठाऊक आहे. कक्कय्या हे कातडे कमावणारे आणि हरळय्या हे वहाणा शिवणारे, असे ती सांगते. हरळय्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण कुळातून आलेल्या मधुवरसांच्या मुलीशी झाला आणि त्यावरून कल्याणमध्ये अनर्थ ओढवला, ही कथा सर्वश्रुत आहे. श्रमाला कैलास मानणाऱ्या चळवळीलासुद्धा चामड्याच्या श्रमाची केवढी किंमत मोजावी लागली, हे त्यातून दिसते.

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाला व्यापाराचे परिमाण आले. मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीने अर्धवट कमावलेली गाई-वासरांची कातडी ‘ईस्ट इंडिया किप्स’ या नावाने लंडनला जात. ती बिनरंगाची असत. रंग, झिलई आणि अखेरचे संस्करण विलायतेत होई, आणि मालाची खरी किंमत तेथेच वाढे. पश्चिम किनाऱ्यावरून हिरडासुद्धा तसाच कच्चा निर्यात होई. पहिल्या महायुद्धात लष्करी बुटांसाठी सरकारने या किप्सची खरेदी आपल्या हाती घेतली. १९१९ साली कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर शेकडा १५ जकात बसली, परंतु साम्राज्यात कमावल्या जाणाऱ्या मालाला त्यातील शेकडा १० परत मिळण्याची सोय होती. कातडे आमचे, साल आमची, श्रम आमचे. रंगाचा नफा मात्र दुसऱ्याचा, असा तो व्यवहार होता.

दरम्यान युरोपात रंगाचे शास्त्रच पालटले. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला क्विनीन करण्याच्या खटपटीत दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग गवसला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. चामड्यासाठी त्याला जोड मिळाली ती क्रोम-संस्करणाची. क्नाप याने १८५८ मध्ये त्याची दिशा दाखवली आणि १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने व्यवहार्य रीतीचे एकस्व घेतले. सालीने महिनोन्‌महिने चालणारे काम क्रोमियमच्या क्षाराने काही दिवसांत, पुढे काही तासांत होऊ लागले. क्रोमचे ओले चामडे फिकट निळे दिसते. त्यातील क्रोमियमचा धन भार कृत्रिम रंगांच्या ऋण भाराला ओढून धरतो, त्यामुळे हवा तो रंग चटकन व एकसारखा बसतो. लाल, हिरवे, निळे चामडे स्वस्त झाले ते या जोडीमुळे. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास क्रोम-चामड्याचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या नजरेसमोर बूट नव्हते, विहिरीवरची मोट होती. पाण्यात सतत भिजणाऱ्या मोटेला हे चामडे अधिक टिकेल, असा त्यांचा हिशेब होता. नवे शास्त्र शेतकऱ्याच्या विहिरीवरून या देशात शिरले, ही मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे.

नव्या रंगाची काळी बाजूही लवकरच उघड झाली, आणि ती नेमकी घरगुती रंगकामातून. १९०० साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एका कुटुंबातील मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. मुलांचे पिवळे बूट काळे करून घेतले होते. ते पायात घातल्यावर मुलांचे ओठ निळे पडले आणि ती कोसळू लागली. बुटांच्या रंगातील ॲनिलीन त्वचेवाटे रक्तात शिरले होते. हे द्रव्य व त्याचे सगोत्र नायट्रोबेंझीन रक्तातील हिमोग्लोबिनचे रूपच बदलतात, आणि मग रक्त प्राणवायू पोहोचवू शकत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकांतही ओल्या रंगाचे बूट घालून फिरणाऱ्यांच्या अशा नोंदी आल्या. रंग वाळू न देता वापरणे एवढेच त्यांचे निमित्त. ग्राहकाची ही गत, तर अशा रंगांच्या कारखान्यांत रोज राबणाऱ्यांची काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. काही रंगांमुळे कर्करोग होतो हे पुढे सिद्ध झाले. जर्मनीने १९९४ मध्ये अशा ॲझो रंगांवर निर्बंध घातले आणि भारतातही १९९७ पर्यंत एकूण ११२ रंग निषिद्ध ठरले.

स्वदेशात या धंद्याला प्रतिष्ठा देण्याचे दोन भिन्न मार्ग दिसतात. वर्ध्याजवळच्या नालवाडीत १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. उच्चवर्णीयाने कातड्यात हात घालावा आणि मेलेल्या जनावराच्या चामड्याचे शास्त्रशुद्ध संस्करण व्हावे, हा त्यामागचा गांधीप्रणीत विचार. डॉ. आंबेडकरांनी मात्र १९२७ च्या महाड परिषदेच्या काळापासून मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा उपदेश केला. जन्माने लादलेला धंदा कितीही गौरवला तरी तो लादलेलाच राहतो, हे त्यांचे म्हणणे. आम्हांस वाटते, इतिहासाने दुसऱ्या मताचे पारडे जड ठरवले आहे. धंदा सोडण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर तो पत्करण्यात प्रतिष्ठा कोठून येणार?

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था स्थापन झाली. १९७२ च्या सीतारामय्या समितीने कच्च्या व अर्धवट कमावलेल्या मालाऐवजी रंगवलेले, पुरे झालेले चामडे निर्यात करावे असे सुचवले आणि धोरण पालटले. शासकीय सेवेत असताना अनेक समित्यांचे अहवाल आम्ही कपाटात धूळ खाताना पाहिले. हा त्यांतला नव्हे. इंदूरच्या वाचकांच्या परिचयाचा देवासचा टाटांचा चर्मोद्योग याच दशकातला. परंतु रंगाचा नफा देशात आला तसे रंगाचे सांडपाणीही आले. पालार नदीच्या खोऱ्यातील चर्मोद्योगांनी पाणी व शेती नासवल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर प्रकरणी दिलेला निर्णय पर्यावरणाच्या कायद्यात मैलाचा दगड ठरला.

आता जाकिटाकडे वळू. अमेरिकी सेनेच्या विमानदलाने १९३१ साली ‘ए-२’ हे चामडी जाकीट स्वीकारले आणि महायुद्धानंतर ते, वैमानिकाकडून सामान्य तरुणापर्यंत, जगभर पसरले. युद्धकाळातही जुन्या जाकिटांवर नवा गडद रंग चढवून ती पुन्हा वापरात आणली जात. घरी तेच करू इच्छिणाऱ्याने वरचा इतिहास ध्यानी ठेवल्यास कृती आपोआप उलगडते. प्रथम चामड्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो मुरला तर रंग तंतूंत आहे. वर तरंगत राहिला तर वरून रंगद्रव्याचा थर दिलेला आहे, आणि तो ॲसिटोनसारख्या द्रावाने हलका पुसल्याखेरीज नवा रंग आत शिरणार नाही. उकळत्या पाण्यातले कापडाचे रंग येथे मुळीच वापरू नयेत. क्रोमचे चामडे कदाचित ती आच सोसेल, सालीचे चामडे आक्रसून कडक होईल. अस्तर व साखळी झाकून, स्पंजाने अल्कोहोलमधील रंगाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. तपकिरीचे काळे होते, काळ्याचे तपकिरी होत नाही. शेवटी सुटा रंग कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हात देऊन वरून रक्षक थर द्यावा. खिडक्या उघड्या, हातांत मोजे, आणि वास पुरता जाईपर्यंत जाकीट अंगात न घालणे, हे नियम पॅरिसच्या त्या मुलांनी आपल्याला शिकवले आहेत.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे समाविष्ट आहेत. कोल्हापूर आणि बेळगाव एका दाखल्यावर नांदतात, हे सीमाभागातील आम्हा मंडळींना विशेष वाटते. हा दाखला दोन्ही राज्यांच्या शासकीय चर्मोद्योग महामंडळांनी मिळवला, पण त्यामागची विद्या अथणीच्या आणि कोल्हापूरच्या कारागिरांची. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात एका इटालियन पेढीने तशाच वहाणा कारागिरांचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा उठलेला गदारोळ किप्सच्या जुन्या व्यापाराचेच स्मरण करून देणारा होता.

चामड्याच्या रंगाचा इतिहास अखेर नावांचा इतिहास आहे. पर्किनचे नाव ग्रंथांत आहे, शुल्ट्झचे आहे, चॅटर्टनचेही आहे. हिरड्याच्या काढ्यात लोह घातले की काळे होते, हे या मातीत ज्याने प्रथम पाहिले, त्याचे नाव कोठेही नाही. ते नाव आता सापडणार नाही. परंतु त्याच्या वंशजांच्या हातची विद्या आज अथणीत, निपाणीत, कोल्हापुरात जिवंत आहे. तिच्या पद्धती, परिभाषा आणि ती जाणणाऱ्यांची नावे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवणे, हे आपल्यासारख्या साहित्यसंस्थांना सहज करता येण्याजोगे काम आहे. शाई आपल्यापाशी आहेच, आणि तिचे ऋण कोणाचे, हेही आता आपणांस ठाऊक आहे.