आमरीचे पुनरुज्जीवन : अकोल्याचे डोंगर आणि दुकानातली कुंडी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो आणि पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांपुरती ती ओळख खरीही आहे. परंतु याच जिल्ह्याचे पश्चिम टोक, म्हणजे अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर, थेट सह्याद्रीच्या माथ्यावर येत असल्यामुळे तेथे वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. या टोकाला आंबा, जांभूळ, हिरडा अशा वृक्षांच्या खोडांवर आणि फांद्यांवर ज्या वनस्पती मातीचा स्पर्शही न होता वाढतात, त्यांत आमरींचा, म्हणजे बाजारात ज्यांना ‘ऑर्किड’ म्हणतात त्या वनस्पतींचा, मोठा वाटा आहे. शहरातल्या रोपवाटिकेतून फुललेली आमरी हौसेने घरी आणली जाते, फुले गळाल्यावर ती दुर्लक्षित होते, पाने सुरकुततात आणि अखेर कुंडी टाकून दिली जाते. हा आजचा सर्वत्र दिसणारा प्रकार आहे. अशी मरणोन्मुख आमरी पुन्हा जगवण्याची विद्या कशी घडली याचा शोध घेतला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ही विद्या मुख्यतः औषधांतून किंवा खतांतून आलेली नाही. मूळ जागेचे हवामान नीट वाचण्यातून ती आली आणि ते वाचण्यास माणसाला फार उशीर लागला.

झाडावर वाढणाऱ्या आमरीला वनस्पतिशास्त्रात ‘अपिवनस्पती’ म्हणतात. अपिवनस्पती म्हणजे दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेणारी, त्याच्या अन्नरसावर न जगणारी वनस्पती. बांडगूळ आपली शोषक मुळे यजमान झाडाच्या आत घालून त्याचा रस घेते, तसे आमरी करीत नाही. तिची मुळे सालीला केवळ चिकटून राहतात किंवा हवेत लोंबतात. या मुळांवर मृत पेशींचे एक पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. पावसाची सर किंवा धुक्याचा ओलावा ते झटकन शोषून घेते आणि नंतर वाऱ्याने कोरडे होते. भिजलेले मूळ हिरवे दिसते, सुकलेले रुपेरी. या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते आणि सतत ओल्या, कोंदट जागेत ते कुजते. आमरीच्या संगोपनाचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

अकोल्याच्या रानात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही सह्याद्रीतील आमरी. पावसाळ्यात तिच्या मांसल कांड्यांवर पाने येतात आणि कांड्यांत पाणी व अन्न साठते; पाऊस ओसरल्यावर पाने गळतात आणि हिवाळ्यापासून पुढे त्या उघड्या, वाळल्यासारख्या कांड्यांवर पांढरी फुले येतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो डिसेंबरातली ही वनस्पती मेली असे समजेल. एरिडिस मॅक्युलोसा आणि ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखली जाणारी ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा या आमरींना कांडी नसतात. त्या जाड पानांत आणि लांब मुळांत ओलावा राखतात आणि उन्हाळा सरताना, पावसाच्या तोंडावर, जांभळ्या-गुलाबी फुलांचे घोस खाली सोडतात. चार महिने धो धो पाणी आणि पुढचे सात-आठ महिने दवावर व साठवलेल्या ओलाव्यावर गुजराण, असा या सर्वांचा जीवनक्रम आहे. कोरडा काळ त्यांच्यावर ओढवलेले संकट नसून त्यांच्या फुलण्याची अटच आहे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपला नेमके हेच ठाऊक नव्हते. नॅथानिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्याने बंद काचपेटीत वनस्पती जगतात हे 1829 मध्ये ओळखले आणि पुढे या पेट्यांमुळे समुद्रमार्गे जिवंत रोपे नेणे सोपे झाले. ड्यूक ऑफ डेव्हनशायरने 1835 मध्ये जॉन गिब्सन या माळ्याला भारतात पाठवले आणि खासी टेकड्यांमधून त्याने अनेक आमरी इंग्लंडला नेल्या. श्रीमंतांमध्ये आमरींचे वेडच पसरले. मात्र आणलेल्या रोपांपैकी बहुसंख्य काचगृहांत मरत असत, कारण उष्ण देशांतील वनस्पतींना सदैव प्रखर उष्णता, गडद सावली आणि बाष्पाने भरलेली कोंडलेली हवा हवी, अशी तेव्हाची समजूत होती. आमरी कुलाचा त्या काळचा सर्वश्रेष्ठ अभ्यासक जॉन लिंडली यानेही 1830 च्या सुमारास असाच सल्ला दिला होता. डेंड्रोबियम बार्बाट्युलम हे नाव देणारा शास्त्रज्ञ हाच, हे येथे नोंदवण्याजोगे आहे: वाळवलेल्या नमुन्यावरून वनस्पतीचे वर्णन अचूक करता येते, पण तिचे ऋतुमान त्या नमुन्यात नसते.

सुधारणा झाली ती माळ्यांच्या हातून. वेंटवर्थ येथील जोसेफ कूपर या माळ्याने काचगृहात मोकळी हवा खेळू दिली आणि तापमान उतरवले, तेव्हा त्याच्याकडील आमरी इतरांपेक्षा कितीतरी जोमदार वाढल्या, आणि लिंडलीनेही हे पाहून आपले मत बदलले. पुढे जेम्स बेटमन याने 1860 च्या दशकात, उंच पर्वतांवरील आमरींना थंडावाच हवा, हा विचार पुस्तकांतून मांडला. एवढ्या काळात किती रोपे नष्ट झाली याची गणती कोणी ठेवलेली नाही. परंतु एका झाडावरची आमरी मिळवण्यासाठी आख्खे झाड तोडण्याची प्रथा व्यापाऱ्यांत रूढ होती, ही या इतिहासाची लाजिरवाणी बाजू झाकून ठेवता येत नाही.

पश्चिम भारतात या ज्ञानाची वाट निराळी होती. पुण्याजवळ दापोडीला 1828 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. 1838 पासून त्याची जबाबदारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन (वर उल्लेखिलेल्या माळ्याहून हा वेगळा) याच्याकडे आली आणि त्याच्याच देखरेखीखाली अकोल्याच्या शेजारच्या जुन्नर भागात हिवरे येथेही उद्यान चालत असे. 1847 मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि निकोल डॅल्झेल याच्यासह त्याने लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ 1861 मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात इलाख्याची विस्तृत वनस्पतिसूची प्रकाशित केली, आणि फादर सांतापाव व झरीर कपाडिया यांचा केवळ मुंबई इलाख्यातील आमरींना वाहिलेला ग्रंथ 1966 मध्ये निघाला. या ग्रंथांचे महत्त्व असे की त्यांत प्रत्येक जातीचे नाव, स्थळ आणि फुलण्याचा महिना एकत्र नोंदवला जातो. फुलण्याचा महिना ही वरवर किरकोळ वाटणारी नोंद संगोपन करणाऱ्याला सर्वाधिक उपयोगी असते, कारण त्यावरून त्या जातीचा विश्रांतीचा काळ काढता येतो.

अकोल्यातील रानांना संरक्षण दोन प्रकारे लाभले. एक, सह्याद्रीतील देवरायांची परंपरा: देवाच्या नावाने राखलेल्या रानातून फांदीही न तोडण्याचा दंडक असल्यामुळे तेथे जुने, खडबडीत सालीचे वृक्ष टिकले आणि आमरींना हवा असतो तो आधार शाबूत राहिला, माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या परंपरेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दुसरे, 1986 मध्ये घोषित झालेले कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. शिवाय वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात संपूर्ण आमर कुलाचा समावेश आहे. त्यामुळे रानातली आमरी घरी आणणे हा आज आमरीप्रेमाचा मार्ग राहिलेला नाही. अभयारण्यात वादळाने पडलेल्या फांदीवरची आमरीसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि हे योग्यच आहे.

दुकानातली आमरी मुळात रानातून येतच नाही. आमरीचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो, आणि ते रुजण्यासाठी एका बुरशीची सोबत लागते, हे फ्रान्समधील नोएल बर्नार याने 1899 मध्ये दाखवले. 1922 मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन याने साखर मिसळलेल्या माध्यमावर, बुरशीविना, बी रुजवले. 1960 मध्ये झॉर्झ मोरेल याने शेंड्यातील कोवळ्या पेशींपासून एकाच रोपाची असंख्य रोपे करण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, वाट आमरींसाठी मोकळी केली. नडसन आणि मोरेल यांच्या या दोन शोधांमुळे राजेरजवाड्यांची वनस्पती सामान्य घरात पोहोचली, रानावरचा भार हलका झाला, आणि त्याबरोबरच ती स्वस्त झाल्यामुळे टाकाऊही झाली. बाजारात सर्वाधिक दिसणारी फॅलेनॉप्सिस ही फिलिपाइन्स-इंडोनेशियाच्या बाजूची, बारमाही दमट रानांतली आमरी आहे. तिला कांडी नसतात, म्हणून अकोल्याच्या डेंड्रोबियमसारखा लांब कोरडा काळ तिला सोसत नाही. रानात ती झाडावर तिरपी वाढते, त्यामुळे पानांच्या बेचक्यातले पाणी निथळून जाते. कुंडीत मात्र तिला सरळ उभी करतात आणि बेचक्यात साचलेले पाणी तिचा कोंब कुजवते. विक्रीसाठी तिची मुळे पुष्कळदा ओल धरून ठेवणाऱ्या शेवाळात आवळलेली असतात आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोक नसते. घरोघरच्या आमरी आज ज्या कोंदट ओलाव्याने मरतात, तो लिंडलीच्या काळच्या काचगृहांतलाच आहे.

म्हणून पुनरुज्जीवनाची रीत मुळांपासून सुरू होते. सुरकुतलेली पाने पाहून पाणी वाढवणे ही सर्वांत घातक चूक ठरते, कारण मुळे सुकली तरी पाने सुरकुततात आणि मुळे कुजली तरीही सुरकुततातच. रोप कुंडीतून काढून मुळे चाचपावीत. टणक मुळे ठेवावीत, पोकळ व लिबलिबीत झालेली मुळे निर्जंतुक पात्याने कापावीत, आणि रोप सालीचे तुकडे, लोणारी कोळसा व नारळाच्या सोडणाचे तुकडे यांच्या मिश्रणात, भरपूर भोके असलेल्या कुंडीत बसवावे. उजेड सकाळचा आणि गाळलेला असावा, आणि नवे मूळ फुटेपर्यंत खत देऊ नये. या जिल्ह्यात दोन स्थानिक अडचणी येतात: प्रवरेच्या कालव्यांखालील क्षारपड पट्ट्यात विहिरी-कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी खारे असते व त्याचे क्षार मुळांवर साचतात, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी श्रेयस्कर, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत कुंडीभोवती दमटपणा राखावा लागतो. मात्र नगरच्या पठाराचा हिवाळा फॅलेनॉप्सिसला अनुकूल आहे, कारण काही आठवडे रात्री गार राहिल्यावरच ती फुलांचा दांडा काढते. नवी मुळे धरण्यास महिने लागतात आणि फुलासाठी वर्षही लागू शकते. एवढा धीर नसेल त्याने आमरी विकत न घेणेच बरे. ज्यांच्या घरी अशी कुंडी कोपऱ्यात पडली असेल, त्यांनी ती टाकण्यापूर्वी तिची मुळे एकदा अवश्य तपासावीत, आणि अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याला जातील तेव्हा झाडावरची आमरी पाहून, तिला हात न लावता परतावे.