हिमालयातील हिमनद्या आणि '२०३५'चा वाद

हिमालयातील हिमनद्या २०३५ सालापर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक अहवालात २००७ साली छापले गेले. ते चुकीचे असल्याची कबुली जानेवारी २०१० मध्ये देण्यात आली. हवामान बदलाविषयीच्या जाहीर चर्चेत एखाद्या छापील वर्षाने एवढी खळबळ उडवल्याचे उदाहरण विरळाच. या चुकीचा आधार घेऊन हवामान बदलाचे सारे शास्त्रच खोटे ठरविण्याचा प्रयत्न झाला आणि तो युक्तिवाद अधूनमधून अजूनही डोके वर काढतो. त्यामुळे ही चूक कशी घडली आणि हिमनद्यांची खरी स्थिती काय आहे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

अहवाल आणि त्याची कार्यपद्धती

आंतरशासकीय हवामान बदल समिती, अर्थात 'आयपीसीसी', ही १९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी स्थापन केली. ही समिती स्वतः संशोधन करीत नाही. जगभर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आढावा घेऊन ती काही वर्षांच्या अंतराने मूल्यांकन अहवाल सादर करते. २००७ साली तिचा चौथा अहवाल आला. त्याच वर्षी समितीला अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांच्यासमवेत शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावेळी समितीचे अध्यक्षपद डॉ. राजेंद्र पचौरी या भारतीयाकडे होते.

वादग्रस्त विधान या अहवालाच्या दुसऱ्या खंडातील आशियाविषयक प्रकरणात होते. नऊशेहून अधिक पानांच्या या खंडात ते एका परिच्छेदापुरतेच होते. धोरणकर्त्यांसाठी काढलेल्या सारांशात त्याचा समावेशही नव्हता.

चूक कशी शिरली

विधानाला आधार म्हणून 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २००५ मधील अहवालाचा हवाला देण्यात आला होता. त्या अहवालाने ब्रिटनच्या 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकातील १९९९ च्या वृत्ताचा आधार घेतला होता. ते वृत्त जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्याशी झालेल्या संभाषणावर बेतलेले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या 'डाऊन टू अर्थ' या नियतकालिकातही २०३५ चा उल्लेख आला होता आणि आयपीसीसीच्या अहवालातील वाक्यरचना त्याच्याशी मिळतीजुळती होती. अशा रीतीने तज्ज्ञांनी तपासलेला एकही शोधनिबंध या साखळीत नव्हता.

त्याच परिच्छेदात हिमनद्यांचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल, असेही म्हटले होते. प्रत्यक्षात हिमालयातील हिमनद्यांचे एकूण क्षेत्र पाच लाखांच्या आसपासही नाही. ते दहा हजार चौरस किलोमीटरांच्या पटीत मोजावे लागते. हा आकडा रशियन शास्त्रज्ञ व्ही. एम. कोटल्याकोव्ह यांच्या १९९६ च्या अहवालातील असल्याचे नंतर आढळले. तो ध्रुवीय प्रदेश वगळता साऱ्या जगातील हिमनद्यांविषयी होता आणि त्यात दिलेले वर्ष होते २३५०. अंकांची अदलाबदल होऊन २३५० चे २०३५ झाले असावे, असा तर्क त्यावरून मांडण्यात आला.

मसुद्याच्या तपासणीत या विधानाविषयी शंका उपस्थित झाल्या होत्या. जपान सरकारच्या वतीने, हे विधान कितपत खात्रीचे आहे, अशी विचारणाही करण्यात आली होती. त्या शंकांचे समाधान न होताच मजकूर छापला गेला.

दिल्ली ते कोपनहेगन

नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला. बहुतेक हिमनद्या मागे हटत असल्या तरी त्यांत असाधारण असे काही दिसत नाही आणि त्यांचा संबंध जागतिक तापमानवाढीशी जोडणे घाईचे ठरेल, असा त्याचा सूर होता. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो प्रकाशित केला. पचौरी यांनी या निबंधाची 'जादूटोण्याचे शास्त्र' अशा शब्दांत संभावना केली. त्यामुळे मुद्द्याची चर्चा मागे पडून व्यक्तींमधील वादाला तोंड फुटले.

त्याच महिन्यात ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन केंद्रातील हजाराहून अधिक ई-मेल चोरून जाहीर करण्यात आले. डिसेंबरमध्ये कोपनहेगनची जागतिक परिषद होणार होती. शास्त्रज्ञ आकडेवारीत फेरफार करतात, असा आरोप त्या पार्श्वभूमीवर जगभर पसरला. ब्रिटनमधील चौकशांत शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर ठपका आला नाही. मात्र, माहिती खुली करण्यात त्यांनी टाळाटाळ केल्याचा शेरा मारण्यात आला.

अशा तापलेल्या वातावरणात हिमालयाची चूक बाहेर आली. ती शोधण्यात टीकाकारांपेक्षा हिमनदीतज्ज्ञांचाच वाटा मोठा होता. कॅनडाचे ग्रॅहॅम कॉग्ली, ऑस्ट्रियाचे गेऑर्ग कासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकाला पाठविलेल्या पत्रात चुकीचा उगम उलगडून दाखविला. २०३५ चे भाकीत खरे ठरायचे तर बर्फ वितळण्याचा वेग पूर्वीच्या अंदाजाच्या २५ पट व्हावा लागेल, असे त्यांनी दाखवून दिले. २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने खेद व्यक्त केला.

नियमांत बदल

त्यानंतर जगातील विज्ञान अकादमींच्या परिषदेने हॅरॉल्ड शापिरो यांच्या अध्यक्षतेखाली समितीच्या कामाची पाहणी केली. ऑगस्ट २०१० मधील त्यांच्या अहवालात मूल्यांकनाची पद्धत एकंदरीत यशस्वी असल्याचे म्हटले होते. परंतु परीक्षकांच्या शंकांची दखल घेणे, तज्ज्ञांनी न तपासलेले साहित्य वापरणे आणि विधानांची खात्री किती हे नोंदविणे, याबाबत कडक शिस्तीची शिफारस होती. २०११ साली चूक दुरुस्तीची रीतसर पद्धत आणि हितसंबंधांविषयीचे धोरण स्वीकारण्यात आले. हीच व्यवस्था आधी असती, तर प्रकरण एवढे चिघळले नसते.

हिमनद्यांचे वास्तव

हिमनदीची प्रकृती केवळ तिचे मुख किती मागे सरले, यावरून ठरत नाही. दगडमातीच्या थराखाली झाकलेल्या हिमनदीचे मुख जागच्या जागी राहूनही तिची जाडी घटू शकते. रैना यांच्या निबंधात गंगोत्रीचे मुख २००७ ते २००९ या काळात जवळजवळ स्थिर असल्याचे म्हटले होते. तेवढ्यावरून ती सुस्थितीत आहे, असे मात्र म्हणता येत नाही. बर्फाची एकूण भर आणि घट मोजावी लागते.

अशी मोजणी उपग्रहांमुळे शक्य झाली. अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांच्या छायाचित्रांच्या साह्याने २०१९ साली सुमारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास झाला. १९७५ ते २००० या काळाच्या तुलनेत २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग दुपटीच्या आसपास गेल्याचे त्यात आढळले. काराकोरममधील काही हिमनद्या मात्र दीर्घकाळ स्थिर राहिल्या वा वाढल्या. काठमांडू येथील 'इसिमोड' या संस्थेच्या २०१९ च्या मूल्यांकनानुसार, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश बर्फ २१०० पर्यंत नष्ट होईल. उत्सर्जन आवरले नाही, तर दोन तृतीयांश. २०११ ते २०२० या दशकात घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी जलद झाल्याचे याच संस्थेने २०२३ मध्ये नोंदविले.

परिणाम सर्वत्र सारखे नाहीत. वितळलेल्या बर्फावर सिंधू नदी सर्वाधिक अवलंबून आहे. गंगेचे बरेचसे पाणी पावसाचे असते. त्यामुळे गंगा आटून जाईल, हे विधान अतिरंजित ठरते. तथापि, उन्हाळ्यात वरच्या खोऱ्यात पाणी कमी होणे आणि हिमतलाव फुटणे, हे धोके खरे आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तलाव फुटून तिस्ता नदीवरील चुंगथांग येथील धरण वाहून गेले आणि मोठी जीवितहानी झाली.

२०३५ हे वर्ष आता दूर राहिलेले नाही. त्या वर्षी हिमालयात हिमनद्या असतील आणि अहवालातील चुकीची आठवण पुन्हा काढली जाईल. त्यावेळी विचारण्याजोगा प्रश्न हिमनद्या उरल्या की नाही, हा नसेल. किती बर्फ गेला आणि त्याच्या खाली वसलेल्या गावांना धोक्याची सूचना देण्याची व्यवस्था उभी राहिली का, याची उत्तरे मागावी लागतील.