खडा निघाला, तरी ताप का?

मुतखडा म्हणजे दगड; तो काढला की दुखणे संपले, असे आपण धरून चालतो. शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

एक मूत्रपिंड काढले तरी माणूस जगू शकतो, हे हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोन यांनी १८६९ साली दाखवून दिले. १८७१ मध्ये त्यांनी मुतखड्याने खराब झालेले मूत्रपिंड काढले, पण तो रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने दगावला. जोसेफ लिस्टर यांची कार्बॉलिक आम्लाची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. ती रुळत गेली तसे जखमेतून शिरणारे जंतू कमी झाले. १८८० मध्ये लंडनच्या हेन्री मॉरिस यांनी मूत्रपिंड शाबूत ठेवून त्यातला खडा काढला. तरीही काही रुग्णांना ताप येतच राहिला. जंतू बाहेरून आले नाहीत, तर आले कोठून?

ते खड्यातच होते! युरियाचे विघटन करणारे जंतू खडे घडवतात, असे अमेरिकेतील थॉमस ब्राउन यांनी १९०१ मध्ये मांडले. शाळेच्या मुतारीतला उग्र वास अमोनियाचा असतो. जंतूंमधील युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते, तेव्हा तो सुटतो. हीच क्रिया मूत्रपिंडात घडली, तर मूत्र अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे थर साचू लागतात. जंतू त्या थरांत चिणले जातात. खड्यात रक्तवाहिन्या नसल्याने औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. सर्वच खडे असे नसतात; बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पण त्यांतही जंतू आढळू शकतात.

पाठीला लहानसे छिद्र पाडून नळीवाटे खडा काढण्याची पद्धत स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. जखम सेंटिमीटरभर झाली. धोका मात्र पुरता गेला नाही. खडा फोडताना जंतू मोकळे होतात आणि आत सोडलेल्या पाण्याचा दाब वाढला, तर ते रक्तात ढकलले जातात. म्हणूनच आधी लघवीची जंतुतपासणी करतात, प्रतिजैविके देतात आणि पाण्याचा दाब कमी ठेवतात. लघवीत न सापडलेले जंतू खड्यात सापडतात, म्हणून कधी खड्याचा तुकडाही तपासतात.

अशा शस्त्रक्रियेनंतर थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा रुग्ण गुंगू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठावे. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग काही तासांतच जिवावर बेतू शकतो.