बिऱ्हाड, शाळा आणि अकरा महिने

मुंबईत भाड्याने राहू पाहणारे मुलाबाळांचे कुटुंब तीन गोष्टी तोलत असते. घरात उजेड-वारा किती, शाळा किती लांब आणि या घरात आपल्याला किती वर्षे राहता येईल. पहिल्या दोन गोष्टींविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसरी करारनाम्याच्या एका ओळीत दडलेली असते. सहा आणि तीन वर्षांच्या मुलांसाठी मी गेल्या वर्षी दादरपासून मुलुंडपर्यंतच्या वस्त्या पालथ्या घालत होते, त्याच काळात या शहराच्या घरांविषयीचे जुने लेखन वाचत होते. या तिन्ही गोष्टींना स्वतंत्र इतिहास आहे. त्यांतल्या तिसऱ्या गोष्टीचा इतिहास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात उजेडापासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्यातील डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. साथीने शहर रिकामे होऊ लागले, तेव्हा सरकारचे लक्ष काळोख्या, दाटीवाटीच्या चाळींकडे गेले. १८९८ मध्ये कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरांतील उजेडासाठी ६३.५ अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. हिशेब साधा होता. समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी जागा खिडकीपुढे मोकळी हवी. म्हणजे चाळीस फूट उंचीच्या भिंतीसमोर वीस फूट अंतर. आजही घर बघताना मी खिडकीत उभी राहून मनातल्या मनात हेच मोजते.

हा प्रश्न मुलांच्या जिवाशी जोडलेला होता. पुढच्या काळात महापालिकेच्या आरोग्य अहवालांत तान्ह्या मुलांच्या मृत्यूंची वर्गवारी घरातील खोल्यांच्या संख्येनुसार होऊ लागली, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांचा वाटा त्यांत सर्वांत मोठा असे. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या खऱ्या, पण पाडल्या तितक्या खोल्या गरिबांसाठी बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटी करून राहिली. वस्ती निवडण्याची मुभा सर्वांना सारखी कधीच नव्हती.

ज्यांना ती मिळाली, त्यांच्यासाठी ट्रस्टने उत्तरेला दादर-माटुंग्याची योजना आखली. रुंद रस्ते, फाइव्ह गार्डन्ससारख्या बागा आणि स्वयंपाकघर, मोरी, संडास घरातच असलेले भाड्याचे ब्लॉक. गिरगावच्या चाळीतून हिंदू कॉलनीत येणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दृष्टीने सार्वजनिक नळावरची रांग सुटणे हीच मोठी क्रांती होती. पण लोक तिथे टिकले ते शाळांमुळे. हिंदू कॉलनीत इंडियन एज्युकेशन सोसायटीची किंग जॉर्ज शाळा होती, तीच आजचे राजा शिवाजी विद्यालय. शिवाजी पार्कचे मैदान महापालिकेने १९२५ मध्ये खुले केले आणि १९४० मध्ये त्याच परिसरात दादासाहेब रेगे यांनी बालमोहन विद्यामंदिर सुरू केले. पार्ल्यात १९२१ मध्येच पार्ले टिळक विद्यालय निघाले होते. ‘पार्ल्याला बिऱ्हाड केले’ या वाक्यात शाळेचे नाव न घेताही कळत असे.

शिक्षणासाठी जागा शोधण्याचे सर्वांत बोलके उदाहरण सुभेदार रामजी सकपाळ यांचे आहे. साताऱ्याहून मुंबईत आल्यावर त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. दिवसा गजबजाट, म्हणून भीमरावांना मध्यरात्रीनंतर उठवून अभ्यासाला बसवावे लागे. पुढे परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा त्यांतली एक अभ्यासासाठी राखली गेली. डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. या प्रवासात चौरस फुटांइतकेच शांततेला मोल होते.

आता मुदतीकडे येऊ. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि भाडेकरूला सहजासहजी काढणे अशक्य केले. घरमालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी रुजली, इमारती जीर्ण झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या गोठवणुकीवर ताशेरे ओढले, ते रास्तच होते. परंतु याच कायद्याने तीन पिढ्यांना एक गोष्ट दिली, तिची नोंद क्वचितच होते. बालवर्गात गेलेले मूल त्याच जिन्यावरून मॅट्रिकच्या परीक्षेला जात असे. वाणी, डॉक्टर, शेजारच्या काकू आणि मैदानावरची टोळी बदलत नसे.

मालकांनी यातून ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या लायसन्सधारकांनाही कायद्याने संरक्षण दिले, तेव्हा मालक अधिकच धास्तावले आणि अनेकांनी घरे कुलपात ठेवणे पसंत केले. ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पारडे फिरवले. आता मुदत संपली की लायसन्सधारकाने घर सोडायचे, न सोडल्यास दुप्पट आकार भरायचा. अकरा महिन्यांची प्रथा आली ती नोंदणी कायद्यामुळे, कारण वर्षाहून कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागत नसे. महाराष्ट्रात आता असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. म्हणजे कारण गेले, अकरा महिने मात्र राहिले.

शाळा दहा वर्षांची आणि घर अकरा महिन्यांचे, अशी आजच्या भाडेकरूची विभागणी आहे. आम्ही घर बदलतो तेव्हा मुलांची शाळेची बस, पाळणाघर आणि खेळगडी असे सगळेच बदलते. म्हणून या वेळी मी दलालाला पहिला प्रश्न मुदतीचा विचारला. मुद्रांक कायद्यात ६० महिन्यांपर्यंतच्या अशा करारांची तरतूद आहे, हे त्याला ठाऊक होते. मालक तयार होत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे. तीन मालकांनी नकार दिला. चौथे निवृत्त शिक्षक होते, त्यांनी ३६ महिन्यांचा करार केला, दर वर्षी ठरलेली भाडेवाढ त्यात लिहून. घर आधी पाहिलेल्यांपेक्षा लहान आहे आणि रेल्वे स्टेशनपासून दूर आहे. मुलगी त्यातून तिसरीपर्यंत एकाच वाटेने शाळेत जाईल. भाडेनियंत्रणाचे जुने अतिरेक परत न आणता ही मुदत सर्वांना कशी मिळेल, हा प्रश्न आपल्या गृहनीतीने अजून नीट हाती घेतलेला नाही.