भिंतीआडचा सांधा

मराठवाड्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी बुरूज, वेशी, मंदिरे, मशिदी आणि शिलालेख यांच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे; पाण्याच्या नळाच्या सांध्याविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. यात नवल नाही. सांधा चांगला जमला असेल तर तो दिसत नाही, आणि दिसू लागला की तो इतिहासाचा नव्हे, तक्रारीचा विषय होतो. तरीही बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे पाणी हाच वर्षानुवर्षे बोलण्याचा विषय आहे, तिथे पाणी दृष्टीआड कसे नेले गेले आणि वाटेत ते कुठे गळले, हा प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही.

गेल्या वीसएक वर्षांत बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांत जी नवी घरे उभी राहिली, त्यांच्या न्हाणीघरातून नळ जवळजवळ नाहीसा झाला आहे. सपाट टाइल्सवर एक चकचकीत चकती, तिच्यावर एक मूठ आणि वर शॉवर, एवढेच दिसते. चकतीच्या मागे, भिंतीत गाडलेली एक पितळी पेटी असते. दुकानदार तिला ‘कन्सील्ड डायव्हर्टर’ म्हणतो, कारागीर नुसते ‘बॉडी’. तिच्यात गरम आणि थंड अशा दोन नळ्या येतात, आणि त्या आता प्लास्टिकच्या असतात. पितळ आणि प्लास्टिक जिथे भेटतात ती दोन-तीन बोटांची जागा हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण आपल्या व्यवसायाला ते शोभते. ‘नळ’ हा संस्कृत ‘नल’ म्हणजे बोरू, पोकळ देठाचे गवत. म्हणजे आपली पहिली नळी वनस्पतीची होती. इंग्रजीतून आलेला ‘प्लंबर’ मात्र लॅटिन ‘प्लंबुम’पासून, म्हणजे शिशापासून निघाला, रोमन नळकऱ्याचा धातूच त्याचे नाव होऊन बसला. ‘हौद’ आणि ‘नहर’ अरबीतून फारसीमार्गे आले. देठ, शिसे, आणि मध्ये दख्खनच्या सुलतानांची फारसी: आपल्या न्हाणीघराचा इतिहास इतका मिश्र आहे, आणि निरनिराळी द्रव्ये एकत्र आणायची म्हटली की सांध्याचा प्रश्न येतोच.

बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरांवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत मुर्तझा निजामशाहाच्या (१५६५ ते १५८८) काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबत खानाने ती बांधली, आणि रचनाकार म्हणून राजा भास्कर हे नाव परंपरेने सांगितले जाते. सरकारी खजिन्यात भरायचा वसूल खानाने विहिरीवर खर्च केला आणि जाब विचारला गेल्यावर खजिना याच विहिरीत आहे असे सांगितले, अशी कथा बीडमध्ये ऐकायला मिळते. कथा गोड आहे. पण मला नावाचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. फारसी हमामात पाणी साठवण्याच्या टाकीलाही ‘खजीना’च म्हणत. निजामशाही दरबारात फारसी चालत असताना पाण्याच्या साठ्याला हा शब्द लागणे अगदी सहज होते. त्याला सोन्यानाण्याची गरज नव्हती. लोककथेने शब्दाचा विसरलेला अर्थ आपल्या परीने भरून काढला, असे मी समजतो.

या विहिरीत नुसते झरे नाहीत. भुयारी मार्गाने पाणी तिच्यात येते आणि दुसऱ्या भुयाराने उताराला लागून बीडच्या बाजूच्या शेतांकडे जाते. मोट नाही, बैल नाही. सारा व्यवहार उताराचा. ही कल्पना इराणातल्या कनातीशी नाते सांगते: डोंगराच्या पोटातले पाणी मंद उताराच्या बोगद्यातून उघड्यावर आणायचे, आणि बोगद्याच्या माथ्यावर ठरावीक अंतराने उभे धारे ठेवायचे. अशाच प्रकारचा कुंडी भंडारा बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी झाला.

या धाऱ्यांकडे नीट पाहिले पाहिजे. खोदताना माती बाहेर काढायला ते लागतात, आत उतरलेल्या माणसाला हवा मिळायला लागतात, आणि काम पुरे झाल्यावर गाळ काढायला लागतात. नळयोजनांवरच्या अशा उभ्या बांधकामांना मराठीत ‘उच्छ्वास’ हा शब्द रूढ आहे. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या वाटेवरही उच्छ्वास होते. बंद मार्गात अडकलेली हवा बाहेर सोडणे हे त्यांचे एक काम, म्हणून हे नाव. कोणा अनाम गवंड्याने की कारकुनाने ते दिले, पण दिले नेमके. पाणी झाकायचे, मात्र त्याचा श्वास कोंडायचा नाही.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरींनी पाणी दिले. तिथल्या पाणचक्कीचे पाणी उत्तरेच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून येते, एका उंच भिंतीच्या पोटातून वर चढते आणि हौदात पडते. खापरी नळ हा आपल्याकडचा मधला अध्याय आहे, बोरू आणि लोखंड यांच्यामधला. नळाचे एक तोंड निमुळते, दुसरे रुंद. एकाचे तोंड दुसऱ्यात घालायचे, फटीत चुना भरायचा आणि बाहेरून चुन्याचेच वेष्टन द्यायचे. माती आणि चुना या दोघांचे स्वभाव फार दूरचे नाहीत. दोन्ही सच्छिद्र, दोन्ही दमट जागी टिकणारे. त्यांचे पटते.

ही विद्या दख्खनपुरती नव्हती. ऑटोमन गवंडी सांध्यासाठी चुना, जवसाचे तेल आणि कापूस एकत्र कुटत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात मातीच्या नळांचे सांधे तेलात मळलेल्या चुन्याने भरावेत असे सांगितले आहे. पहिल्यांदा पाणी सोडताना नळात राख टाकावी, म्हणजे राहून गेलेल्या बारीक फटी तिने बुजतील, हीही त्याचीच सूचना. मातीचे नळ शिशाच्या नळांपेक्षा का बरे, याचे पहिले कारण तो देतो ते आरोग्याचे नाही. ते असे, की मातीच्या नळात दोष निघाला तर तो कोणालाही दुरुस्त करता येतो. शिशाचे पाणी अपायकारक, हे कारण त्यानंतर येते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाने दुरुस्तीची सोय आरोग्याच्याही आधी मांडावी हे मला फार बोलके वाटते.

लोखंडी नळाच्या काळावरून भराभर पुढे जाऊ. जस्त चढवलेला नळ, त्याच्या तोंडावर पाडलेले आटे, आट्यांवर सफेदा आणि धागा: ही पद्धत आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिली आहे. सांधा लोखंडाचा लोखंडाशी असे. गंजला तरी दोन्ही बाजूंनी सारखा गंजे.

प्लास्टिकची कथा जर्मनीत सुरू होते. पीव्हीसी हा पदार्थ १८७२ मध्ये बाउमान या रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेस आला. त्याच्या नळ्या १९३० च्या दशकात होऊ लागल्या. साध्या पीव्हीसीला कढत पाणी सोसत नाही, ती मऊ पडते. म्हणून तिच्यात जादा क्लोरीन घालून केलेली सीपीव्हीसी, जी ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवतात. भारतात ती गेल्या शतकाच्या अखेरीस आली, २००७ मध्ये तिच्यासाठी आयएस १५७७८ हे मानक निघाले, आणि आज गावोगावच्या दुकानांत फिक्या पिवळसर रंगाच्या त्या नळ्या उभ्या दिसतात. गंज नाही, वजन नाही, आटे पाडायचे यंत्र नाही. लोखंडी नळाची सद्दी तिने संपवली यात अन्याय काही नाही.

पण पितळेशी तिचे जमणे वेगळी गोष्ट आहे. तीन मीटर सीपीव्हीसी नळीतल्या पाण्याचे तापमान ४० अंशांनी वाढले तर ती साधारण आठ मिलिमीटर लांबते; तेवढीच पितळेची नळी सव्वादोनच्या आसपास. सौर बंबाचे पाणी सकाळी सुटले की नळी वाढू पाहते. झिरीत सिमेंटने घट्ट जखडली असेल तर हा सगळा ताण जिथे द्रव्य बदलते त्या सांध्यावर येतो. शिवाय पितळेचा आटा प्लास्टिकच्या आट्यात पिळला की प्लास्टिक आतून फाकते. तडा लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी दिसतो. म्हणून जाणता कारागीर थेट पितळ-प्लास्टिक आटा जुळवत नाही. तो मधे असा जोडतुकडा घेतो, ज्याच्या एका बाजूला पितळी आटा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचे साधे तोंड. पितळ पितळेत टेफ्लॉन टेपने बसते, प्लास्टिक प्लास्टिकमध्ये सॉल्व्हंटने चिकटते. आधी आटा कसायचा, मग नळी चिकटवायची. उलटे केले तर कसताना चिकटलेला जोड पिळवटतो.

सॉल्व्हंट हा खरे तर डिंक नव्हे. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि ते एकमेकांत मुरतात. वर्गातल्या भाषेत सांगायचे तर आट्याचा जोड हा समास, विग्रह करून दोन्ही पदे पुन्हा हाती येतात. सॉल्व्हंटचा जोड हा संधी, आणि तोही असा, की त्याचा विग्रह करवतीनेच होतो.

यापुढचे काम धीराचे आहे. पितळी पेटीच्या प्लास्टिक झाकणावर दोन खुणा असतात, कमीत कमी खोली आणि जास्तीत जास्त खोली. टाइल लागल्यानंतरची भिंत या दोन खुणांमध्ये यावी लागते. पेटी फार आत गेली तर मूठ बसत नाही, बाहेर राहिली तर चकती भिंतीला टेकत नाही. जोड पुरते वाळू द्यावेत, नळीची तोंडे बुजवून पंपाने दाब द्यावा, काटा पडत नाही हे पाहावे, आणि मगच झिरी भरावी. घाई असते ती टाइल लावणाऱ्याची, आणि वगळली जाते ती नेमकी ही दाबाची परीक्षा.

आणखी एक गोष्ट सलाबत खानाच्या गवंड्यांना पाठ होती ती आपण विसरलो: उंची. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे एक बार दाब. आपल्याकडच्या एकमजली घरात टाकी स्लॅबवर दीड-एक मीटर उंचवट्यावर धरली, आणि शॉवर दोन मीटरवर, तर मधे अडीच मीटरच उरतात. म्हणजे पाव बार. मोठ्या शहरांतल्या पंपांच्या भरवशावर आखलेला डायव्हर्टर या दाबावर करंगळीएवढी धार देतो. मग पंप बसतो, पंपाने सांध्यावरचा ताण वाढतो, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी आतल्या कार्ट्रिजवर पांढरा थर चढवत राहते.

खजाना विहिरीचा पाटही झाकलेला होता आणि आपली नळीही झाकलेली आहे, पण दोन्ही झाकणे सारखी नाहीत. जुन्या कामात गळती होणार हे गृहीत होते, म्हणून वाटेवर उच्छ्वास ठेवले. नव्या न्हाणीघरात गळती होणारच नाही असे गृहीत असते, म्हणून सांध्यापर्यंत जायला टाइल फोडण्यावाचून वाट नसते. मूठ काढून कार्ट्रिज बदलता येते, एवढीच फट शिल्लक आहे. तिच्या मागच्या जोडांना तीही नाही. टँकरने आणून गच्चीवर चढवलेले पाणी थेंबाथेंबाने भिंतीत मुरते, पलीकडच्या खोलीतला रंग फुगतो, आणि घरमालक आधी पावसाला दोष देतो. या जिल्ह्यात त्या थेंबाची किंमत सांगायला आकडे लागत नाहीत.

इतिहासकारासाठी आणखी एक अडचण आहे. राजा भास्कराचे नाव तरी उरले. नळ घडवणारे कुंभार आणि चुना मळणारे गवंडी कोणत्याही बखरीत नाहीत, आणि आजचा सीपीव्हीसी जोडणारा मुलगाही कोणत्या दप्तरात जाणार नाही. त्यांच्यातल्या काहींनी अलीकडे मात्र एक चांगला रिवाज धरला आहे. झिरी भरण्यापूर्वी ते उघड्या भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलवर फोटो काढतात, म्हणजे पुढे खिळा ठोकताना किंवा टाइल फोडताना नळी कुठे आहे ते कळावे. माझ्या दृष्टीने हा अस्सल दस्तऐवज आहे: तारीख, मापे, कोणती नळी गरम, कोणती थंड, आणि चुकून चौकटीत आलेला कारागिराचा हात. तो बहुधा कारागिराच्याच फोनमध्ये असतो, आणि फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतो.